स्प्रिंग एअर रायफलवर हॉक व्हँटेज ४-१२x४० एओ : काच चांगली आहे, माउंटवर कंजुषी करू नका

.१७७ बोअरच्या, नळी मोडून भरायच्या स्प्रिंग एअर रायफलवर पहिला भरवशाचा स्कोप लावायचा असेल, तर हॉक या ब्रिटिश कंपनीचा व्हँटेज ४-१२x४० एओ मिल-डॉट (४ ते १२ पट मोठेपणा, ४० मिमीचं पुढचं भिंग) जरूर घ्या. चित्र स्वच्छ आहे, पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेमाची खूण टार्गेटवर सरकल्यासारखी दिसणं, जवळच्या अंतरापर्यंत जुळवता येतं आणि स्प्रिंगचा उलटसुलट झटका तो सोसतो. त्याच्यात एक खोट आहे, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण या किमतीतल्या स्कोपबद्दल येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ स्कोपच्या खाली, माउंटमध्ये, म्हणजे स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या पकडीत असतं. म्हणून या परीक्षणात जास्त जागा माउंटला दिली आहे.

आधी कायद्याचं. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमी (म्हणजेच .१७७) बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. खरेदीचं बिल मात्र कायम जपून ठेवा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे, त्यामुळे इथे जे लिहिलं आहे ते कागदी आणि लोखंडी टार्गेटपुरतं. आणि मुलगा किंवा मुलगी १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेची तयारी करत असेल तर स्कोप घेऊच नका. त्या खेळात दुर्बिणीच्या नेमाला परवानगी नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं, तेही बारीक छिद्राच्या पीप साइटवर.

स्प्रिंगवर साधा स्कोप का टिकत नाही

ट्रिगर दाबला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते आणि रायफल मागे येते. सिलिंडरच्या टोकाला दाबलेल्या हवेवर पिस्टन एकदम अडतो आणि रायफल पुढे झटका खाते. दारूगोळ्याच्या रायफलीचा धक्का कितीही मोठा असला तरी तो मुख्यतः एकाच दिशेचा असतो आणि बरेच स्कोप तेवढ्याच हिशेबानं बांधलेले असतात. दोन्ही दिशांचे झटके बसले की आतल्या भिंगांच्या पकडरिंगा सैल होतात, रेटिकल (आतली नेमाची खूण) फिरतं किंवा तुटतं, झिरो (नेम धरला तिथेच छर्रा लागेल अशी जुळवणी) भटकतो. म्हणून विकत घेताना दुकानदाराला एकच प्रश्न सरळ विचारा : कंपनीनं हा स्कोप स्प्रिंग रायफलसाठी चालतो असं म्हटलं आहे का? ‘एअरगनला चालतो’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) हीसुद्धा एअरगनच आहे आणि तिला झटका जवळजवळ नसतोच.

स्कोपमध्ये काय मिळतं

नळी १ इंची, म्हणजे २५.४ मिमी. भिंगांवर ११ थरांचं कोटिंग. आत नायट्रोजन भरलेला. टरेटवर, म्हणजे नेम वरखाली आणि बाजूला सरकवायच्या फिरत्या बटणांवर, टोप्या आहेत आणि टोपी काढून बोटांनी फिरवता येतं. नाण्याची किंवा स्क्रूड्रायव्हरची गरज पडत नाही. एका क्लिकला पाव एमओए (कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग). डोळा आणि मागचं भिंग यांतलं अंतर साधारण ९० मिमी, आणि ते चष्मा लावणाऱ्यांनाही पुरतं.

१२ पट मोठेपणा ऐकायला छान वाटतो, पण तो वापरायचा केव्हा हे कळायला हवं. १२ वर डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत ४० भागिले १२, म्हणजे ३.३ मिमीचा. डोकं जरा हललं की कडेनं काळी सावली येते. ६ वर तोच झोत ६.७ मिमीचा होतो, चित्र उजळ दिसतं आणि डोकं ठेवायला मोकळीक मिळते. संध्याकाळी किंवा झाडाखाली ६ ते ८ वरच ठेवा. १२ हे कागदावर छर्‍यांचा गट बघण्यासाठी आणि झिरो करण्यासाठी.

एओ, म्हणजे पुढच्या भिंगाभोवतीची फिरती रिंग, हे या स्कोपचं सगळ्यात उपयोगी अंग. ती १० यार्डांपासून अनंतापर्यंत जाते. एओ नसलेले स्कोप बहुधा १०० यार्डांवर पक्के केलेले असतात. असा ४० मिमीचा स्कोप २५ मीटरवर वापरला आणि डोळा पार कडेला गेला, तर नेम १४ मिमीपर्यंत सरकू शकतो. सराव करणाऱ्याचा अख्खा गट त्याहून लहान असतो. एअर रायफलवर एओ किंवा साइड फोकस (तेच काम करणारं बाजूचं बटण) नसलेला स्कोप घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. रिंगवर छापलेल्या अंतरांवर मात्र विसंबू नका. १०, १५, २०, २५, ३५ मीटर टेपनं मोजा, प्रत्येक अंतरावर डोकं किंचित वरखाली करा, रेटिकल टार्गेटवर हलेनासं होईल तिथे रिंगवर कागदी टेप चिकटवून स्वतःची खूण करा. चित्र सगळ्यात तीक्ष्ण दिसतं ती जागा आणि पॅरलॅक्स संपतं ती जागा यांत थोडा फरक पडला तर पॅरलॅक्सची जागा धरा.

आता खोट. रेटिकलवरचे ठिपके मिल या कोनाच्या मापात आहेत (१ मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) आणि टरेट एमओएमध्ये. म्हणजे छर्रा १ मिल खाली लागलेला दिसला तर ३.४४ एमओए, अर्थात पावणेचौदा क्लिक फिरवायचे. दर वेळी हा हिशेब करावा लागतो. शिवाय रेटिकल दुसऱ्या फोकल प्रतलात आहे, म्हणजे झूम बदलला तरी ते तेवढंच दिसतं, त्यामुळे ठिपक्यांमधलं अंतर १ मिल असतं ते फक्त १० पटावर. ५ वर आलात की तेच अंतर २ मिल. २५ मीटरवर कागदावर २.५ सेंमी अंतरानं दोन रेघा ओढा आणि झूमची रिंग हळूहळू फिरवा. दोन शेजारच्या ठिपक्यांचे मध्य ज्या जागी त्या रेघांवर बरोबर बसतील तो तुमच्या नगाचा खरा १०. तिथे पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्या. ज्यांना अंतराप्रमाणे टरेट फिरवत नेम धरायचा आहे, त्यांनी हा स्कोप सोडून रेटिकल आणि टरेट दोन्ही मिलमध्ये असलेला घ्यावा. ठिपक्यावर नेम धरणाऱ्यांना ही अडचण झिरो करतानाच जाणवते, नंतर नाही.

माउंट

आपल्याकडच्या बहुतेक स्प्रिंग रायफलींवर माउंट पकडण्यासाठी ११ मिमीची डोव्हटेल खाच असते. पिकाटिनी किंवा वीव्हर रेलसाठीचे रुंद माउंट तिच्यावर बसत नाहीत. काही विक्रेते ११ मिमीवरून पिकाटिनीला जाणारा अडॅप्टर सोबत देतात. तो टाळा. एक जोड वाढला की सैल व्हायची एक जागा वाढते, आणि स्कोप उगाच उंच जातो.

स्प्रिंगसाठी दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट घ्या. रिंगच्या प्रत्येक वरच्या टोपीला दोनऐवजी चार स्क्रू असलेलं मिळालं तर फार उत्तम. त्याच्या खालून एक खिळा बाहेर यायला हवा. तो रायफलच्या पाठीवरच्या भोकात उतरतो. हा स्टॉप पिन नसेल तर माउंट कितीही आवळा, काहीशे छर्‍यांत ते मागे सरकणारच. पिन भोकात सोडल्यावर माउंट मागे ओढून पिन भोकाच्या मागच्या भिंतीला टेकवा आणि मगच आवळा. पुढे दोन मिमी मोकळी जागा राहिली तर काही बिघडत नाही, मागे राहिली तर माउंट तेवढं मागे येईल आणि झिरो जाईल. पिन भोकाच्या तळाला टेकून माउंटला वर उचलत नाही ना, हेही बघा. माउंट आणि डोव्हटेल यांच्या फटीतून उजेड दिसला तर पिन जरा वर घ्या.

उंचीच्या बाबतीत ४० मिमी भिंगाला मध्यम माउंट चालतं, पण एओ रिंगमुळे पुढची बाजू बाहेरून भिंगापेक्षा बरीच जाड असते. कॅलिपरनं मोजूनच माउंट मागवा. नळी मोडताना तिचा मागचा भाग स्कोपला घासत नाही आणि छर्रा घालताना बोटं अडकत नाहीत, हे दोन्ही तपासा.

ब्रेक-बॅरल रायफलींत एक जुनाच त्रास आहे. नळी रायफलच्या मागच्या भागाच्या तुलनेत किंचित खाली झुकलेली असते. उघड्या साइटवर ते कळत नाही, कारण मागची साइट बहुधा नळीवरच असते. स्कोप लावला की छर्रे १०-१५ सेंमी खाली पडतात आणि माणूस टरेट वर, वर, वर फिरवत सुटतो. टरेट वरच्या टोकाशी आला की स्कोपच्या आतल्या नळीला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगचा ताण कमी होतो, आतली नळी प्रत्येक झटक्याला जराशी हलते, आणि मग आज इथे तर उद्या तिथे. लोक म्हणतात स्कोप बिघडला. थोड्या झुकावाला मागच्या रिंगच्या खालच्या अर्ध्या भागात पत्र्याची पट्टी घालता येते. दोन रिंगांत १०० मिमी अंतर असेल तर ०.१ मिमी जाडीची पट्टी छर्‍याला २५ मीटरवर २.५ सेंमी वर नेते. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा साधारण तेवढाच जाड असतो. दोन पट्ट्यांपलीकडे जाऊ नका, स्कोपची नळी वाकते आणि रिंगच्या कडा तिला चावतात. त्याहून जास्त झुकाव असेल तर मागून उंच बनवलेलं ड्रूप माउंट किंवा उंची बदलता येणारं माउंट लागेल.

बसवण्याची पद्धत

रायफल रिकामी आणि न ताणलेली आहे याची खात्री करा. डोव्हटेल, माउंटचा खालचा भाग आणि रिंगांची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून तेल पूर्ण काढा. कारखान्याचं तेल तसंच ठेवून आवळलेलं माउंट सरकतंच सरकतं.

बसवण्याआधी स्कोप मधोमध आणा. टरेट हळूच एका टोकाला न्या, दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजा, निम्मे मागे या. दोन्ही टरेटला असंच. टोकाला जोर लावू नका.

खालचं माउंट बसवा, पिन टेकवा, बाजूचे स्क्रू आवळा. रायफल व्हाइसमध्ये किंवा वाळूच्या पिशव्यांवर ठेवून माउंटच्या सपाट भागावर आडवी छोटी स्पिरिट लेव्हल ठेवा. आता स्कोप ठेवून टोप्या सैलसर लावा. झूम १२ वर न्या, कारण तिथेच डोळ्याची जागा सगळ्यात नाजूक असते. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल नेहमीसारखा दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. काळी कडा दिसत असेल तर स्कोप मागेपुढे करा. पूर्ण चित्र आपोआप दिसायला हवं. मान ताणून चित्र शोधावं लागत असेल तर जागा चुकली आहे.

रेटिकल सरळ करायला १०-१५ मीटरवर ओळंबा टांगा आणि उभी रेघ दोरीवर जुळवा. आता टोप्यांचे स्क्रू कोपऱ्याकोपऱ्यानं, एका वेळी पाव फेरा असे आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. एका बाजूनं आवळत गेलात तर स्कोप फिरतो आणि ओळंब्याचं काम वाया जातं. माउंटसोबत आकडा दिला असेल तर तोच पाळा, नसेल तर टोप्यांसाठी १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरे. हातानं ॲलन की वापरत असाल तर लांब बाजू हातात धरू नका. आखूड बाजू दोन बोटांत धरून जेवढी आवळली जाते तेवढीच. जास्त आवळलेल्या रिंगनं नळी दबते आणि झूमची रिंग जड फिरू लागते. ती पहिली खूण. टोप्यांच्या स्क्रूंना थ्रेडलॉकर लावू नका. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर जाणारी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. स्क्रू सैल झाला की रेघ तुटलेली दिसते.

रायफल तिरपी धरण्याचं नुकसान किती? नेमाच्या ४ सेंमी खाली नळी आणि २५ मीटरवर झिरो असेल, तर ५ अंशांच्या कलाला छर्रा जवळजवळ ५ मिमी बाजूला आणि थोडा खाली जातो, ३५ मीटरवर पाऊण सेंमीहून जास्त बाजूला. दर वेळी तोच कल असेल तर तो झिरोमध्ये बराचसा जिरतो. दर वेळी वेगळा असेल तर गट आडवा पसरतो, आणि लोक वाऱ्याला दोष देतात.

डोळा आणि झिरो

मागची आयपीसची रिंग चित्र स्पष्ट करण्यासाठी नसते, ती रेटिकलसाठी असते. मोकळ्या आकाशाकडे, सूर्यापासून दूर, किंवा पांढऱ्या भिंतीकडे एकदोन सेकंदच बघा, नजर काढा, रिंग थोडी फिरवा, परत बघा. जास्त वेळ बघत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चुकीची जागा बरोबर वाटू लागते. ही रिंग एकदा बसली की तिला परत हात लावायचा नाही.

नवी रायफल सुरुवातीला तेल जाळते, धूर आणि मोठा आवाज येतो. ते थांबेपर्यंत झिरो करू नका. मग १० मीटरवर एकाच जातीचे पाच छर्रे मारा आणि गटाचा मध्य धरा, एकट्या छर्‍यावरून टरेट फिरवू नका. १० मीटरवर एक क्लिक ०.७३ मिमी, म्हणजे १ सेंमीला १४ क्लिक. २५ मीटरवर एक क्लिक १.८ मिमी, म्हणजे १ सेंमीला साडेपाच. रायफल आवळून धरू नका. पुढचा हात उघड्या तळव्यानं नुसता आधाराला, खांद्याला हलका टेकू. स्प्रिंगची रायफल दर वेळी सारखीच मागेपुढे हलू दिली तर छर्रे एकत्र पडतात. टेबलावर दस्ता थेट टेकवून झिरो केलात तर हातात घेतल्यावर तो वेगळा निघेल.

०.५५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगानं निघाला तर ऊर्जा जवळपास १६ ज्यूल होते. स्कोप नळीपेक्षा ४ सेंमी वर आणि झिरो २५ मीटरवर धरला तर मार्ग साधारण असा बसतो : १० मीटरवर ९ मिमी खाली, १६ वर बरोबर नेमावर, २० वर २ मिमी वर, २५ वर नेमावर, ३५ वर अडीच सेंमीच्या आसपास खाली. म्हणजे १६ ते २५ मीटरमध्ये नेम मध्यावरच धरायचा. ३५ वर रेटिकलचा खालचा पाऊण मिल वापरायचा, आणि जवळ १० मीटरवर पहिला ठिपका. जवळ आल्यावर छर्रा खाली लागतो हे अनेकांना खरं वाटत नाही. कारण साधं आहे, नळी नेमाच्या रेषेच्या ४ सेंमी खाली आहे आणि छर्रा अजून वर चढतो आहे.

पावसाळा आणि बुरशी

मुंबई-कोकणात स्कोपचा मोठा शत्रू झटक्याच्या खालोखाल दमट हवा आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो फोमच्या किंवा कापडी पिशवीत कपाटात ठेवला तर भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती कोटिंग खाते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. रायफलसह डब्यात मावत नसेल तर लांब हवाबंद केस घ्या. दर पावसाळ्यात स्कोप काढून ठेवण्याच्या भानगडीत पडू नका, झिरो जातो. नारिंगी दाण्यांचं जेल घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, आणि ते कोरडं करायला स्वयंपाकाची कढई वापरणं बरं नाही.

भिंग पुसताना क्रम महत्त्वाचा. आधी हवेच्या फुग्यानं धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग लेन्सचं द्रावण टिश्यूवर घेऊन मधून बाहेर गोल. द्रावण थेट भिंगावर टाकू नका, कडेनं आत झिरपतं. शर्टाच्या टोकानं पुसलेली धूळ म्हणजे कोटिंगवर ओरखडे. रायफलच्या धातूला तेल लावताना भिंगांवर टोप्या घाला, स्प्रेचे कण लांबपर्यंत उडतात. टरेटच्या टोप्यांखालच्या रबरी रिंगा जागेवर आहेत ना, ते वर्षातून एकदा बघा. एसी गाडीतून बाहेर काढल्यावर भिंगावर धुकं येतं, ते आपोआप जातं, पुसू नका. धुकं आत असेल तर सील गेलं आहे. घरी उघडायचा प्रयत्न करू नका, नायट्रोजन परत भरता येत नाही.

रिकामी रायफल कधीही झाडू नका. छर्रा नसला की पिस्टनला हवेची गादी मिळत नाही, तो सरळ धातूवर आदळतो आणि तो मार सीलइतकाच स्कोपलाही बसतो.

झिरो भटकायला लागला तर स्कोप वॉरंटीला पाठवण्याआधी या क्रमानं तपासा. नेलपॉलिशच्या रेघा तुटल्या आहेत का. माउंटच्या मागे डोव्हटेलवर घासल्याची चमकदार खूण दिसते का. दस्त्याचे पुढचे दोन स्क्रू सैल आहेत का. स्प्रिंग रायफलींत हे फार वेळा निघतं. नळीच्या सांध्याचा पिन ढिला होऊन नळी बाजूला हलते का. छर्‍यांचा डबा बदलला आहे का. उंचीचा टरेट वरच्या टोकाजवळ आहे का. हे सगळं ठीक असेल तर उंचीचा टरेट २० क्लिक वर, बाजूचा २० क्लिक उजवीकडे, मग २० खाली, मग २० डावीकडे, असा चौकोन करत प्रत्येक कोपऱ्यावर पाच छर्रे मारा. पाचवा गट पहिल्याच्या अंगावर पडला तर स्कोप शाबूत आहे, शोध रायफलमध्ये घ्या. नाही पडला तर तो कागद तारीख घालून, बिलासकट विक्रेत्याकडे न्या. चौकोन न जुळलेला कागद समोर ठेवला की बदली मागताना वाद कमी होतो.